पिवळा कनेक्टर, प्रमिलाबाईंच्या हातचा

डिंडोली, सुरत
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

लोटूभाऊ,

थोरल्या वहिनीने धाकट्या दिराला पत्रात आधी आशीर्वाद लिहायचा असतो. तो मी तूर्त माझ्याकडेच ठेवते.

काल दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुम्ही 'हॅलो, हॅलो, कोण?' करून ठेवून दिला. तुम्हाला सोयीचं असतं तेवढंच ऐकू येतं, हे सगळ्या घराला माहीत आहे. म्हणून कागदावर लिहिते. तुमचे भाऊ मिलमध्ये जाताना नवागामवरूनच जातात, ते दारात देतील. त्यांना मी विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? तर म्हणाले, "तुम्हनं तुम्ही देखी ल्या." म्हणजे नेहमीप्रमाणे ते फक्त टपाल वाहणार.

परवा रविवारी कॅनॉलपलीकडच्या मैदानावर तुमचं रिमोटचं विमान पडलं. पडलं ते धर्मेंद्रभाईंच्या मोटरसायकलीवर. बॅटरी पेटली, सीट जळाली. कोणाला लागलं नाही हे नशीब. पण धूर विरायच्या आधी तुम्ही अकरा माणसांसमोर काय बोललात? "वहिनीचा सांधा सुटला." ना विमान उचललं, ना वायर पाहिली. आधी माझं नाव घेतलं.

धर्मेंद्रभाई तुमच्या खात्याचे मास्टर, आणि रविवारी विमानं उडवणाऱ्या तुमच्या त्या मंडळाचे पुढारीही तेच. बॅटरीच्या वायरीला मी सोल्डर करून देते ते कनेक्टर शहरातल्या दुकानात तेच पोचवतात. सोमवारी सकाळी चाळीसच्या चाळीस नग परत आले, माझ्या हाताने बांधलेली गाठही सोडली नव्हती. घेऊन आलेला पोऱ्या म्हणाला, मास्टरने सांगितलंय, आता नको.

मी सचिन गावच्या कारखान्यात आठ वर्षं लाइनवर बसून सोल्डरिंग केलं. मशीन आलं आणि आम्हा सतरा बायकांना घरी बसवलं. त्यानंतर चार वर्षं साडीवर टिकल्या चिकटवल्या, डोळे गेले. मग हे काम हाताला लागलं. दुकानात लोक येऊन म्हणतात, 'प्रमिलाबाईंच्या हातचा द्या.' पन्नास वर्षांत मला कोणी माझ्या नावाने मागितलं नव्हतं. ते नाव तुम्ही एका वाक्यात घालवलंत.

वायरीला आणि कनेक्टरच्या वाटीला मी वेगवेगळं कथिल लावून घेते, मग जोडते. जोडताना समोरचा अर्धा भाग खोचून ठेवते, म्हणजे प्लास्टिक तापलं तरी आतल्या पिना सरकत नाहीत. बॅटरीच्या दोन वायरी कधी एकदम उघड्या करत नाही. बॅटरीच्या बाजूला झाकलेल्या तोंडाचाच भाग लावते, म्हणजे उघडी पिन कशाला टेकायला नको. आणि मीटर लावून प्लस-मायनस बघितल्याशिवाय वर प्लास्टिकची स्लीव्ह चढवत नाही. एवढं करून प्रत्येक नगाला पाच किलो पिठाचा डबा टांगते. असा सांधा सुटतो?

तो कनेक्टर मला आणून द्या. माझा सांधा सुटलेला निघाला तर मैदानावर येऊन कबूल करीन आणि पुन्हा सोल्डर गन हातात धरणार नाही. नसेल सुटला, तर त्याच अकरा माणसांसमोर तुम्ही तोंड उघडायचं.

प्रमिला सुकदेव पाटील


नवागाम
गुरुवार, १३ नोव्हेंबर

वहिनी,

आशीर्वाद तुमच्याकडेच राहू द्या, थंडीत उपयोगी पडेल.

तुमचं पत्र वाचलं. मास्तरीणबाईंसारखं आहे. फरक एवढाच की मी एकतीस वर्षं लूममध्ये काढली, त्यातली एकोणीस जॉबर म्हणून. लूम रुसला की कारीगर मला हाक मारतो, शेठला नाही. चारशे चाळीस व्होल्टची मोटर मी चालू खात्यात उघडून जोडलेली आहे. तुमची ती तीन सेलची बॅटरी म्हणजे आमच्याकडे पोरांचं खेळणं. मला वाटीत कथिल आणि पिना सरकणं शिकवू नका.

विमान चांगलं उडत होतं आणि एकदम मेलं. एकदम मेलं म्हणजे करंट तुटला, आणि करंट तुटला म्हणजे सांधा. यात न समजण्यासारखं काय आहे?

आणि कथिलाचं कौतुक मला नका सांगू. कथिल वायरीत वर चढतं, मुळाशी वायर कडक होते आणि हलत्या मशीनवर तिथेच मोडते. म्हणून आम्ही खात्यात पीळ घालतो आणि टेप मारतो. वीस वर्षं झालेले माझे पीळ अजून चालू आहेत, या कधी बघायला. बाईमाणसाने बसल्या जागी जमेल ते करावं, टिकल्याच बऱ्या होत्या. साडीवरची टिकली सुटली तर कोणाची मोटरसायकल जळत नाही.

कनेक्टर मी फेकून दिला. जळकी वस्तू आम्ही घरात ठेवत नाही.

धर्मेंद्रने माल परत पाठवला तर तो त्याचा प्रश्न. मी त्याला 'पाठव' म्हणालो नाही. मी फक्त खरं बोललो.

लोटू


डिंडोली
बुधवार, १९ नोव्हेंबर

लोटूभाऊ,

फेकून दिलेली वस्तू तुमच्या पान्यांच्या पेटीत, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून कशी बसली? पायांनी चालत गेली?

काल दुपारी तुमची अनुसया आली. पदराखालून पुडकं काढलं, माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "बाई, हे बघा आणि मला काही विचारू नका." चहासुद्धा घेतला नाही. तिला बोल लावलात तर माझ्याशी गाठ आहे.

मी कनेक्टर उन्हात धरून पाहिला, मग भिंगातून पाहिला. पिवळं प्लास्टिक एका कडेला काळं पडलंय, ते बाहेरून, बॅटरी पेटली त्या आचेने. आतून स्वच्छ आहे. सांधा ढिला असता तर आतून तापला असता आणि पिना निळ्या पडल्या असत्या. तशा नाहीत. मग त्याला पिठाचा डबा टांगला. नंतर तुमच्या भावाला बोलावून दुसरा डबाही टांगला. जागचा हलला नाही. तुमचे भाऊ बघत होते, त्यांना विचारा. अर्थात ते सांगणार नाहीत.

आणि मग मला दुसरंच दिसलं. मी दिलेली वायर चार बोटं होती. ही एक वीतभर जास्त कशी झाली? मध्ये तुम्ही घरच्या पंख्याची जुनी वायर घुसवलीत. पीळ घातलात, वर काळी टेप. बॅटरी विमानाच्या नाकात ढकलायची होती म्हणून ना? मी सांगितलं होतं, बॅटरीच्या बाजूची वायर लांबवायची नाही. मोटरला करंट सोडणारा स्पीड कंट्रोल तापतो, आतले कपॅसिटर मरतात. वाढवायचीच असेल तर मोटरच्या बाजूची वाढवा. आणि पंख्याची वायर कुठे, आणि चाळीस अँपिअर कुठे? टेप वितळून गूळ झाली आहे, तांबं त्यात अडकलंय.

जळालं ते तुमचं आहे, लोटूभाऊ. माझं शाबूत आहे. खापर मात्र माझ्या डोक्यावर फोडलंत.

येत्या रविवारी मैदानावर हे सांगा. दोन वाक्यं पुरेत. मला माफी नको, तुमच्या माफीचं मी काय करू?

प्रमिला


नवागाम
गुरुवार, २० नोव्हेंबर

वहिनी,

माझ्या पेटीतली वस्तू माझ्या बायकोकडून चोरून मागवायची, हे तुमच्या सचिनच्या कारखान्यात शिकवतात काय? अनुसयेला मी काय बोललो ते तिलाच विचारा. दोन दिवस ती माझ्याशी बोलत नाही. घर शांत आहे, झोप चांगली लागते.

आता तुमच्याच पत्रातलं तुम्हाला दाखवतो. तुम्ही लिहिता, टेप वितळली आणि तांबं त्यात अडकलेलं आहे. अडकलेलं म्हणजे एकमेकांना धरून. पीळ सुटला असता तर दोन टोकं दोन दिशांना असती. माझा पीळ आगीतसुद्धा धरून होता, आणि हे तुमच्याच हातचं लिहिलेलं आहे. टेप बॅटरी पेटल्यावर वितळली, आधी नाही. एवढी भिंगं लावून बसलात आणि हे दिसलं नाही?

मग राहिलं काय? तुमचा सांधा. वरून चकचकीत आणि आतून थंड. कथिल लावताना हात हलला की आत भेग राहते, करंट मध्येच जातो मध्येच येतो. पिठाचा डबा टांगून ते कळत नाही. पीठ टांगून पोळ्या होतात फार तर.

तपास करणाऱ्या तुम्ही, वकील तुम्ही, न्यायाधीशही तुम्हीच. मला तुमच्या कोर्टात उभं राहायचं नाही. रविवारी मी कुठलीही दोन वाक्यं बोलणार नाही. सुकदेवदादाला सांगा, पुढचं पत्र घेऊन दारात थांबू नको.

लोटू


डिंडोली
रविवार, २३ नोव्हेंबर

लोटूभाऊ,

तुमचा पीळ धरून होता. हे वाक्य तुम्हाला दिलं, कापून भिंतीला चिकटवा. तुमचं म्हणणं बरोबर होतं, मी घाईने बोलले.

आता पुढचं वाचा.

आज मी मैदानावर गेले. तुम्ही नव्हता. जन्मात पहिल्यांदा गेले तिथे, आणि कोणी 'या बसा' म्हणालं नाही. ज्यांच्या बॅटऱ्यांना माझ्या हातचे कनेक्टर आहेत ते सगळे विमानांकडे बघत होते. मी धर्मेंद्रभाईंकडे गेले आणि विचारलं, त्या दिवसाचं काही शूटिंग आहे का? त्यांच्या मोबाइलमध्ये होतं. त्यांनी ते मोटरसायकल जळते तेवढंच चार वेळा पाहिलं होतं. मी म्हणाले, सुरुवातीपासून दाखवा.

त्यात तुम्ही दिसता. रिमोट हातात, गॉगल, छाती पुढे. विमान वर फिरतंय. आणि मग बझर सुरू होतो. बॅटरी उतरायला लागली की जो बारीक आवाजात किंचाळतो तो. तोही मीच तुमच्या बॅटरीला लावून दिला होता. मी मोबाइलवर सेकंद मोजले. नव्वद सेकंद तो किंचाळतोय. मागून कोणीतरी ओरडतंय, "काका, नीचे लो." बझर वाजल्यावर सगळेच एखादी फेरी जास्त मारतात, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. पण तुम्ही तीन फेऱ्या मारल्यात. हसत हसत. वर कोणालातरी हात दाखवलात. मग मोटर बंद पडली, तुम्ही विमान वर खेचायला गेलात आणि ते नाकावर आलं.

सांधा नाही, पीळ नाही. बॅटरी रिकामी झाली, लोटूभाऊ. रिकामी होतेय हे ती बिचारी दीड मिनिट ओरडून सांगत होती आणि तुम्ही मिजाशीत फेऱ्या मारत होता. मला चीड येते ती याची. तुम्हाला त्याच क्षणी माहीत होतं काय झालं ते, तरी तुम्ही माझं नाव घेतलंत.

मी तिथे काही बोलले नाही. धर्मेंद्रभाईंच्या अजून लक्षात आलेलं नाही. पुढच्या रविवारपर्यंत तुम्ही स्वतः सांगा. नाही तर मी सांगणार.

प्रमिला


नवागाम
मंगळवार, २५ नोव्हेंबर

वहिनी,

मला तो बझर ऐकू आला नाही.

घ्या. आता समाधान झालं असेल.

मिजास नव्हती. मागून ओरडत होते तेही ऐकू आलं नाही. पोरं हसत होती म्हणून मी हसलो. कोणी हात हलवला, मला वाटलं वा वा करतायत, म्हणून मी हात दाखवला. विमान पडल्यावर मला खरंच कळलं नाही का पडलं. करंट तुटला एवढं कळलं. सगळे माझ्याकडे बघत होते, काहीतरी बोलायला पाहिजे होतं.

उजवा कान चार वर्षांपूर्वी गेला. डाव्याला जाड आवाज येतो, बारीक येत नाही. बारीक आधी जातात. शिट्टी, घंटी, बायकांचे आवाज, तुमचा फोनवरचा आवाज. आमच्या खात्यात एकशे वीस लूम एका छपराखाली चालतात, तिथे चांगल्या कानाचा माणूसही हातवाऱ्यांनी बोलतो. बहिरा कोण आणि शहाणा कोण, कोणाला कळत नाही. म्हणून माझं निभावलं. लूमचा ठोका चुकला की जॉबरने कानाने ओळखायचा असतो. मी सांगाड्यावर तळहात ठेवतो, हाताला कळतं कुठे ठेच लागतेय ते. अनुसयेला माहीत आहे. दादाला बहुतेक कळलंय, पण तो बोलतो कधी? बाकी कोणाला माहीत नाही.

धर्मेंद्र मास्टर आहे. त्याला कळलं तर तो मला एक दिवसही मशीनपाशी उभं करणार नाही. चालू पट्ट्यात हात गेला आणि मागची हाक ऐकू आली नाही तर जबाबदारी त्याच्यावर. नियमाने त्याचं बरोबर आहे, पण मी सत्तावन्न वर्षांचा आहे. दुसरीकडे जॉबर म्हणून मला कोण घेईल?

तेव्हा तुम्ही गप्प बसायचं. तुमचं नाव काय, आज गेलं, चार महिन्यांनी लोक विसरतील, पुन्हा येतील कनेक्टर मागायला. माझं गेलं तर परत येणार नाही. घरातली थोरली म्हणवता ना, मग थोरलीसारखं वागा.

हे पत्र वाचून जाळा.

लोटू


डिंडोली
बुधवार, २६ नोव्हेंबर

लोटूभाऊ,

पत्र जाळलं. तुमच्या भावाने काडी पेटवून दिली, वाचलं नाही.

चार वर्षं मी तुम्हाला ढोंगी समजत होते. गेल्या दिवाळीला मी पाठीमागून तीनदा जेवायला बोलावलं आणि तुम्ही उठला नाहीत, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, याला मान पाहिजे असेल. ती चूक माझी. मला त्याचं वाईट वाटलं, काल रात्रभर वाटत राहिलं.

पण म्हणून माझं नाव तुमच्या कानावरून ओवाळून टाकायचं? ते होणार नाही. चार महिन्यांनी लोक विसरतील म्हणता. लोक विसरत नाहीत, दुसऱ्याकडे जातात. तुम्ही लूमवर जॉबर आहात, तुम्हाला एकशे वीस मशीनं आहेत. मला एक टेबल, एक गन आणि ते नाव आहे.

तुमच्या कानाबद्दल मी कोणाला सांगणार नाही. पण तुम्ही रविवारी जायचं आणि म्हणायचं, 'बझर वाजत होता, मी मिजाशीत कानाडोळा केला, वहिनीचा सांधा चांगला होता.' फार तर चार रविवार तुम्हाला उडवू देणार नाहीत. खात्यातली जागा राहील आणि माझं नावही राहील. तुमच्या खोटेपणातून दोघांना पुरेल एवढा हा एकच रस्ता निघतो, आणि तोही मीच शोधून देतेय.

रविवारी तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन.

प्रमिला


नवागाम
गुरुवार, ४ डिसेंबर

प्रमिलाबाई,

वहिनी लिहायची इच्छा नाही.

रविवारी मी मैदानावर आलो नाही. बझर ऐकूनही विमान पाडणारा मूर्ख म्हणून मी उभा राहणार नव्हतो. तुम्ही गेलात. काय बोललात ते मला मंगळवारी कळलं.

मंगळवारी अकरा वाजता वीज गेली. सगळे लूम थांबले. खात्यात अशी शांतता वर्षातून दोन-चारदा होते म्हणतात, मला आता फरक कळत नाही. मी वाकून एका लूमचा बोल्ट आवळत होतो. समोर एक कारीगर बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की माझ्या मागे काहीतरी चाललंय. वळलो तर धर्मेंद्र उभा. माझ्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. नंतर कारीगराने सांगितलं, मास्टरने तीन वेळा नाव घेतलं. तिसऱ्यांदा तर मोठ्याने.

दुपारपासून मी घडीच्या खोलीत आहे. तागे मोजतो आणि उचलतो. माझे पाने दुसऱ्याला दिले. एकोणीस वर्षं ज्या पोरांना मी लूम शिकवला ती पोरं आता माझ्याशी मोठ्याने, तोंड वासून, एकेक शब्द बोलतात. मुतारीत जातानासुद्धा हात धरतात.

कोणाला सांगणार नाही म्हणून लिहिलं होतंत. तुमच्या लेखी कागदाची किंमत किती ते कळलं. चाळीस नग परत गेले ना दुकानात? छान झालं. आमच्या दारात पाऊल ठेवू नका. अनुसयेलाही मी तुमच्याकडे पाठवणार नाही.

लोटू


डिंडोली
शनिवार, ६ डिसेंबर

लोटूभाऊ,

मला नावाने हाक मारलीत, बरं केलंत. सध्या तेवढंच माझं आहे.

मैदानावर मी काय बोलले ते शब्दाला शब्द लिहिते. मी म्हणाले, "लोटूभाऊंना बझर ऐकू आला होता. मिजाशीत त्यांनी कानाडोळा केला. तो त्यांचा स्वभाव आहे, लहानपणापासूनचा." अकरा माणसांसमोर मी तुमच्यासाठी खोटं बोलले, आणि तुमची बदनामी करून बोलले. कानाचा शब्द काढला नाही. विश्वास नसेल तर धर्मेंद्रभाईंना विचारा. तोंडी ऐकू आलं नाही तर लिहून मागा.

मी बोलल्यावर त्यांनी मोबाइल काढला आणि शूटिंग पुन्हा लावलं. या वेळी ते तुमचा चेहरा बघत होते. बझर सुरू होतो तिथे थांबवलं, मागे घेतलं, पुन्हा लावलं. ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्या माणसाची निदान मान तरी हलते. तुमची पापणीही हलली नाही. मी त्यांच्या शेजारी उभी होते, त्यांना कळलं ते मला दिसलं. मी काय करायला हवं होतं? मोबाइल हिसकावून घ्यायचा?

चाळीस नग त्यांनी त्याच संध्याकाळी उचलले, आणि वर आणखी मागितले. मला आनंद झाला. तो मी लपवत नाही. मंगळवारचं तुमच्या भावाकडून कळलं, तेव्हा मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं, तेही लपवत नाही. मी बुधवारी धर्मेंद्रभाईंकडे गेले, म्हणाले, तीस वर्षं लूमवर काढलेला माणूस आहे, काहीतरी बघा. ते म्हणाले, "बाई, त्याचा हात पट्ट्यात गेला तर तुम्ही याल का जोडायला?"

माफी मागणार नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी 'काय झालं मला कळलं नाही' एवढं बोलला असतात, तर ते शूटिंग कोणी पुन्हा पाहिलं नसतं. तुमची जागा मी नाही घालवली.

या पत्राचं उत्तर नाही आलं तरी चालेल.

प्रमिला


नवागाम
रविवार, १४ डिसेंबर

वहिनी,

धर्मेंद्रला मी लिहून विचारलं. त्याने त्याच कागदाच्या मागे लिहून दिलं: 'बाई म्हणाल्या, तुम्ही ऐकूनही दुर्लक्ष केलं. मीच व्हिडिओत पाहिलं.' म्हणजे तुम्ही सांगितलं नव्हतं. तेवढं माझ्या पत्रातलं खोडून टाका. बाकीचं राहू द्या, मला तुमचा राग आहे आणि तो जाणार नाही.

पुढच्या रविवारी मी मैदानावर येतो. विमान आणणार नाही. खाली लिहितो ते तुम्ही त्या अकरा जणांना वाचून दाखवायचं. मी समोर उभा राहीन. तुमच्या ओठांकडे बघून मला कळेल कुठपर्यंत वाचलंत, त्यामुळे मधलं गाळू नका.

विमान पडलं त्या संध्याकाळी मी कनेक्टर घरी आणला. सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो, त्याला पुरावा पाहिजे होता. स्लीव्ह सरकवून बघितली. वहिनीचा सांधा सुटलेला नव्हता, थंडही नव्हता. एकोणीस वर्षं जॉबरकी केली आहे, चांगलं काम मला बघताक्षणी कळतं. म्हणून मी तो सोडवायला बसलो. वायर व्हाइसच्या जबड्यात आवळली, कनेक्टर फडक्यात धरला आणि दोन्ही हातांनी ओढला. मग ओट्याला पाय लावून ओढला. अनुसया समोर भाजी निवडत होती, ती बघत होती. पाऊण तास ओढला, तळहाताला फोड आला. सुटला नाही. मग मी तो लपवला.

लोटू